सुभद्राताईंचा कान

हजरतगंजातल्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. एक मी, अश्लेषा, मूळची चिपळूणची, नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून लखनौला आलेली. दुसऱ्या सुभद्रा मेश्राम, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "डबा आणला का? एकटी काहून बसून राहिली?" तेव्हापासून दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवतो.

आमची कंपनी इस्पितळांना औषधं पुरवते. औषधाच्या प्रत्येक बॅचबरोबर प्रमाणपत्रं लागतात, वाटेत ती किती थंड ठेवली याची नोंद लागते. ते कागद मी तयार करते. ते ज्याचे त्याला पोचवणं हे सुभद्राताईंचं काम. कुणाला मेल, कुणाला कुरिअर, आणि छावनीतल्या लष्कराच्या एका औषधभांडाराला फॅक्स. तिथले कॉम्प्युटर बाहेरच्या इंटरनेटला जोडलेले नाहीत. कागद आधी फॅक्सने जायचे, ते पाहून गाडीचा गेटपास बनायचा, मग गाडी आत. एक पान कमी असलं तरी गाडी दारातून परत.

सुभद्राताईंचे वडील पवनीत हातमागावर काम करायचे. एकोणिसाव्या वर्षी सुभद्राताई नागपूरला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा परगावचा फोन ऑपरेटर जोडून द्यायची. दिवसभर कानाला हेडफोन. काही महिन्यांतच त्यांना नुसत्या खरखरीवरून कळू लागलं, की ही लाइन चंद्रपूरची आहे की बालाघाटची. सुपरवायझरला खरं वाटेना. त्याने बोर्डावरच्या चिठ्ठ्या झाकून परीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यांच्यासाठी खात्याच्या तांत्रिक परीक्षेचा फॉर्म आणला. पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला पास होऊन लाइनींची तपासणी करणाऱ्या विभागात गेल्या. तिथे तोवर एकही बाई नव्हती.

पुढे लग्न झालं. नवरा बबनराव रेल्वेत, लखनौला. सुभद्राताईंनी बदली मागून घेतली आणि चोवीस वर्षं इथल्या एक्स्चेंजांमध्ये काढली. दोन हजार वीस साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरी बसल्यावर तीन महिन्यांत त्यांनी वृंदावन योजना या वसाहतीतल्या घराचं स्वयंपाकघर चार वेळा नव्याने लावलं. शेवटी बबनराव हात जोडून म्हणाले, "सुभद्रे, मला चहाची पत्ती सापडत नाही. तू कुठं तरी कामाला जात जा." म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

मागच्या मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग ऑफिसातल्या तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लाइनी काढून इंटरनेटवरून चालणारे फोन आले. आमचे ऑफिस मॅनेजर पृथ्वीराज सिंह यांनी त्यासाठी पुष्कळ धावपळ केली होती. फोन होतेही छान. आवाज असा स्वच्छ, की पलीकडचा माणूस जणू शेजारच्या खुर्चीत बसला आहे. फॅक्स मशीन एका लहानशा डबीला जोडलं, डबी इंटरनेटला जोडली, आणि चाचणीचं एक पान पाठवलं. ते गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी अठरा पानांचा फॅक्स पाचव्या पानावर तुटला. पुन्हा लावला, तिसऱ्यावर तुटला. तिसऱ्यांदा सगळा गेला. त्यानंतर रोज हेच. कधी जायचा, कधी नाही, आणि का ते कुणालाच कळेना.

फोन कंपनीच्या मदतकेंद्राला पृथ्वीराजांनी फोन केला. तिथला माणूस फार नम्र. त्याने एक पान पाठवायला सांगितलं. ते गेलं. "देखिए सर, हमारी तरफ़ से ओके है," असं म्हणून त्याने तक्रार बंद केली. महिनाभरात अशा चार तक्रारी बंद झाल्या.

"एका पानाने काय कळते?" सुभद्राताई मला म्हणाल्या. "पोरगं शाळेच्या फाटकापर्यंत चाललं म्हणजे ते डोंगर चढते का?"

त्यांनी स्वतःच्या परीने शोध सुरू केला. फॅक्सच्या डबीची तार कुठे जाते ते बघायला त्या टेबलाखाली शिरल्या. सत्तावन्नाव्या वर्षी, साडी खोचून. तार एका जुनाट जोडणीतून जात होती आणि त्याच जोडणीवर ऑफिसचे सहा कॅमेरेही होते. त्यांनी पृथ्वीराजांकडून फॅक्ससाठी वेगळी तार टाकून घेतली. फॅक्सचा वेग कमी केला, आणि चुकलेला भाग मशीन पुन्हा मागून घेतं ती सोय चालू केली. त्या दिवसाचे तिन्ही फॅक्स नीट गेले.

"झालं दुरुस्त," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. रस्तोगी साहेबांनाही सांगितलं. रस्तोगी साहेब म्हणजे आमचे मालक, हळू बोलणारे, जुन्या लखनौचे. त्यांनी सगळ्यांसाठी मलई-गिलोरीची मिठाई मागवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्स सहाव्या पानावर तुटला. गाडी तोवर निघून गेली होती. बाराच्या सुमाराला ती तशीच परत आली. इन्सुलिनच्या थंड पेट्या उतरवून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवेपर्यंत सुभद्राताई तिथेच उभ्या होत्या. पृथ्वीराज जवळ आले आणि खरोखर समजुतीच्या सुरात म्हणाले, "मैडम, छोड़िए। फैक्स पुराने ज़माने की चीज़ है। ये नए नेटवर्क पर चलने वाली ही नहीं।"

त्या दिवशी जेवताना सुभद्राताईंची भाजी तशीच डब्यात राहिली.

आठवडा गेला आणि भांडाराचं पत्र आलं. पंधरा दिवसांत कागद वेळेवर आणि पूर्ण मिळू लागले नाहीत, तर पुढच्या वर्षीचा पुरवठा दुसऱ्या कंपनीला दिला जाईल. रस्तोगी साहेबांनी जुनी लाइन परत मागून पाहिली. आता त्या इमारतीत तांब्याची नवी जोडणी मिळत नाही, असं उत्तर आलं.

मी सुभद्राताईंना म्हटलं, "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? फोन तुम्ही थोडेच बदललेत?"

"मी 'झालं' म्हटलं होतं ना," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आणि नाही झालं. असं कधी झालं नाही बाई मले."

दुसऱ्या दिवशी त्या घरून शंभर पानी वही घेऊन आल्या. तारीख, वेळ, किती पानं, कुठे तुटलं. प्रत्येक फॅक्सची एक ओळ. शिवाय मशीनच्या स्पीकरचा आवाज त्यांनी पूर्ण वाढवला. फॅक्स लागताना आधी घंटी वाजते, मग दोन्ही मशीनं एकमेकांशी कर्कश शिट्ट्यांमध्ये बोलतात. आम्ही सगळे त्या आवाजाला वैतागायचो. त्या मात्र मशीनवर कान ठेवून, डोळे मिटून उभ्या असायच्या.

त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. बबनराव माझ्या नवऱ्याला सांगत होते, "आता कुकरची शिट्टीसुद्धा घड्याळ लावून ऐकून राहिली ही." त्यांची मुलगी रूपाली, बँकेत आहे, ती हसत म्हणाली, "मम्मी, आप ये फैक्स-वैक्स छोड़ो ना यार।"

"नाही सोडत," सुभद्राताई म्हणाल्या आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

बुधवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "अश्लेषा, इकडे ये. ऐक."

त्यांनी नंबर लावला. घंटी वाजली, फॅक्स सुरू झाला. पंधरा मिनिटांनी दुसरा लावला. घंटी वाजली.

"कळला फरक?"

"नाही हो. घंटी ती घंटीच."

"तशी नाही ती. पहिल्या वेळी नंबर लावल्या-लावल्या घंटी आली, जराशी जाड, मागे बारीक खरखर. म्हणजे खरी पलीकडून आलेली. आता पाच सेकंद सगळं चूप होतं, मग घंटी आली. बारीक, कोरडी, टोक कापल्यासारखी. दोन वेगवेगळ्या वाटा आहेत या. हा फॅक्स आता तुटते, बघ."

चौथ्या पानावर तो तुटला.

त्यांनी वही उघडून दाखवली. गेल्या सहा दिवसांत प्रत्येक ओळीसमोर 'जाड' नाही तर 'कोरडी' असं लिहिलं होतं. जाड घंटीचे सगळे फॅक्स पोचले होते. कोरड्या घंटीचे, एक-दोन पानी सोडले तर, सगळे तुटले होते. आणि कोरड्या घंट्या बहुतेक सकाळी अकराच्या पुढे, ऑफिसांची गर्दी सुरू झाली की वाढायच्या.

"पण कोरड्या वाटेवर फोन तर नीट लागतात," मी म्हटलं.

"लागतातच. माणसाच्या बोलण्यातला एखादा अक्षराचा तुकडा गळला तर आपण अंदाजाने भरून घेतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. फॅक्सला अंदाज नाही करता येत. त्याला सगळंच पाहिजे, आणि वेळेवर पाहिजे. म्हणून फॅक्ससाठी वेगळी रीत असते. तो आवाज म्हणून नाही न्यायचा, मजकूर म्हणून उचलून न्यायचा, आणि प्रत्येक तुकडा दोनदा पाठवायचा. एका वाटेला ती रीत येते. दुसरीला येत नाही, ती फॅक्सलाही बोलणंच समजून राहिली."

त्या वही घेऊन थेट रस्तोगी साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी सगळी पानं शांतपणे उलटली आणि विचारलं, "आप उनके सामने ये करके दिखा सकती हैं?"

"कितनी बार?" सुभद्राताई म्हणाल्या.

पृथ्वीराजांनी फोन कंपनीशी दोन दिवस भांडून त्यांच्या वरिष्ठ इंजिनियरची वेळ मिळवली. ते त्यांनी मनापासून केलं, हे सांगायला हवं. शुक्रवारी साडेदहाला ठरलं. पुण्याहून ऋता सबनीस नावाच्या इंजिनियर बाई व्हिडिओवर आल्या, सोबत मदतकेंद्राचा तो नम्र माणूस. छावनीतल्या भांडाराच्या सुभेदार साहेबांनी चाचणीचे फॅक्स घ्यायचं कबूल केलं होतं. ते दुसऱ्या फोनवर होते. म्हणाले, "काग़ज़ हमारा, इम्तिहान आपका। शुरू कीजिए।"

सात-सात पानांचे दहा फॅक्स. मशीनभोवती अख्खं ऑफिस जमलं. सुभद्राताईंनी चष्मा काढून ठेवला, पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि पहिला नंबर लावला. घंटी वाजली.

"जाएगा," त्या म्हणाल्या.

सातही पानं गेली. "सातों मिल गए," सुभेदार साहेबांचा आवाज आला.

दुसरा. "जाएगा." गेला.

तिसऱ्याला लांबलचक शांतता, मग घंटी. "ये नहीं जाएगा." तिसऱ्या पानावर मशीन ओरडलं आणि थांबलं. नम्र माणूस म्हणाला, "मैम, ये इत्तेफ़ाक़ भी हो सकता है।" ऋता सबनीस दुसऱ्याच कुठल्या तरी पडद्याकडे बघत होत्या.

चौथ्याला घंटी वाजली आणि सुभद्राताईंनी पहिल्यांदाच लगेच उत्तर दिलं नाही. खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. पृथ्वीराजांनी धावत जाऊन खिडकी लावली. घंटी दुसऱ्यांदा वाजली. "जाएगा," त्या म्हणाल्या. सातही पानं गेली.

पाचवा जाणार म्हणाल्या, गेला. सहावा आणि सातवा नाही म्हणाल्या, दोन्ही तुटले. आठवा गेला. नवव्याला त्या म्हणाल्या, "नहीं जाएगा," आणि पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं, सहावंही गेलं. नम्र माणसाच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. मी सुभद्राताईंकडे पाहिलं. त्या अगदी निवांत उभ्या होत्या. सातवं पान अर्धं आत गेलं आणि मशीन ओरडलं.

ऑफिसात असा गलका झाला, की दहावी घंटी ऐकायला रस्तोगी साहेबांना सगळ्यांना हाताने गप्प करावं लागलं.

"जाएगा," सुभद्राताई म्हणाल्या. तो गेला.

दहापैकी दहा.

व्हिडिओवर ऋता सबनीस खुर्चीत मागे टेकल्या. हिंदीत बोलता बोलता त्या एकदम मराठीत आल्या. "ताई, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक कॉल कुठल्या वाटेने गेला ते मी इथे समोर बघत होते. तुटलेले चारही आमच्या दुसऱ्या वाटेने गेलेत. पहिल्या वाटेवर गर्दी झाली, की कॉल आपोआप तिकडे वळतात. तिकडे फॅक्सची सोय चालू आहे असं आमच्या कागदावर लिहिलंय. प्रत्यक्षात ती नाहीये. आणि हे तुम्ही नुसत्या घंटीवरून ओळखलंत?"

"तुमच्या पडद्यावर दिसते, माझ्या कानाला ऐकू येते," सुभद्राताई म्हणाल्या. "पण तक्रार चारदा बंद केली ना जी तुम्ही लोकांनी. एक पान पाठवून."

"चूक झाली," ऋता म्हणाल्या. सरळ म्हणाल्या, आढेवेढे न घेता. त्या नम्र माणसानेही मान खाली घातली आणि माफी मागितली.

त्याच दुपारी ऋता सबनीसांनी आमचा फॅक्सचा नंबर पहिल्या वाटेला कायमचा बांधून दिला. दुसऱ्या वाटेच्या दुरुस्तीलाही लागल्या. तीनच्या सुमाराला फोन करून म्हणाल्या, "आता मोठ्यात मोठा फॅक्स लावून बघा."

मोठ्यात मोठा म्हणजे पुढच्या वर्षीच्या पुरवठ्याचा अर्ज. एक्केचाळीस पानं. कुणीही तो फॅक्सने पाठवायची हिंमत केली नव्हती, आम्ही माणूस पाठवणार होतो. सुभद्राताईंनी पानं ठोकून सारखी केली आणि मशीनमध्ये ठेवली. या वेळी त्यांनी कान लावला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "चहा सांग."

चहा येऊन संपला तरी पानं जातच होती. तिसाव्या पानाला पृथ्वीराज मोजायला लागले, मोठ्याने. छत्तिसाव्यापासून सगळेच मोजत होते. एक्केचाळीसला मशीनने एकच लांब सूर दिला आणि 'पूर्ण' अशी पावती बाहेर आली. दोन मिनिटांनी छावनीतून फोन. "मेश्राम मैडम, इकतालीस के इकतालीस। एक अक्षर नहीं कटा।"

सुभद्राताई उठल्या, दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने ओरडल्या, "झालं दुरुस्त!" मग मला अशी मिठी मारली, की माझ्या हातातला कप खाली पडून फुटला. त्याची कुणालाच पर्वा नव्हती. पृथ्वीराज पुढे येऊन वाकले आणि त्यांनी सुभद्राताईंच्या पायांना हात लावला. "मैडम, मैंने ग़लत कहा था," ते म्हणाले. "अरे, उठो भैया," सुभद्राताई म्हणाल्या, "तार तो आप ही ने डलवाई थी।"

पुढच्या पंधरा दिवसांत छावनीला त्रेपन्न फॅक्स गेले. एकही तुटला नाही. भांडाराचं पत्र आलं: पुरवठा पुढचं वर्षभर आमच्याकडेच. रस्तोगी साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि सुभद्राताईंना नवी जबाबदारी दिली, ऑफिसचं सगळं फोन-इंटरनेट त्यांच्याकडे. पृथ्वीराजांनी फोनच्या कपाटाच्या चाव्या आनंदाने त्यांना दिल्या. बबनराव त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन स्वतःची ओळख करून दिली: "मैं सुभद्राजी का पति।"

मग हजरतगंजात बातमी पसरली. एका वकिलाच्या ऑफिसातून फोन आला, मग एका विमा एजंटाच्या. त्यांचेही फॅक्स अकरानंतर तुटत होते. सुभद्राताईंनी फोनवरच त्यांना स्पीकर मोठा करायला सांगितला, घंटी ऐकली आणि ऋता सबनीसांकडे त्यांचे नंबर पाठवले. महिनाभरात फोन कंपनीने शहरातल्या सगळ्या फॅक्सवाल्या ग्राहकांची वाट बदलली. मदतकेंद्राचा नियमही बदलला: फॅक्सची तक्रार आली तर किमान दहा पानांची चाचणी, तीही गर्दीच्या वेळी, आणि ग्राहक 'हो' म्हणेपर्यंत तक्रार बंद करायची नाही.

आता महिन्यातून एका शनिवारी सकाळी त्या मदतकेंद्रातल्या चाळीस जणांना व्हिडिओवर शिकवतात. पहिल्या शनिवारी मीही मागे बसले होते. त्यांनी दोन्ही घंट्या रेकॉर्ड करून आणल्या होत्या. वाजवल्या आणि विचारलं, "किस-किस को फ़र्क़ सुनाई दिया?" तीन हात वर आले. त्यांतला एक त्या नम्र माणसाचा होता.

"तीन बहुत हैं," सुभद्राताई म्हणाल्या. "मेरे टाइम में पूरे एक्स्चेंज में मैं अकेली थी। चलो, फिर से सुनो."

चाळीस जणांनी हेडफोन सारखे केले.